दादाला आधी पुळ्या, आता नागीण, स्किनच्या डॉक्टरांनी एचआयव्ही टेस्ट सांगितली. नुसत्या त्वचेवरून कळतं का?

लालबागची_पोर

नमस्कार सगळ्यांना. लिहू की नको असं तीन दिवस चाललंय, पण घरात कोणाशी बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहितेय.

माझा मोठा दादा, वय ३६, भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला. करी रोडवरून लोकल, पुढे शेअर रिक्षा, रात्री दहाला घरी. लग्न झालंय, ६ वर्षांची मुलगी आहे. आम्ही सगळे चाळीत एकाच खोलीत, वर पोटमाळा. गेल्या गणपतीपासून त्याच्या हातापायांवर बारीक बारीक पुळ्या येतायत आणि खाज इतकी की रात्री झोपेतपण खाजवत असतो, मला खाली आवाज येतो. आधी वाटलं गोडाऊनमधले डास नाहीतर ढेकूण. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ती लावली की चार दिवस बरं वाटायचं मग परत तेच, अशा सात-आठ ट्यूबा संपल्या असतील. पुळी बसली की काळा डाग राहतो, पाय असे झालेत की त्याने हाफ पँट घालणंच सोडलंय. मग भुवयांत आणि नाकाच्या बाजूंना कोंड्यासारखं सुटायला लागलं, आम्ही म्हटलं थंडीमुळे असेल. आणि आता पंधरा दिवसांपूर्वी छातीच्या डाव्या बाजूपासून पाठीपर्यंत नागीण उठली. आईने गेरू लावला. शेजारच्या काकू म्हणाल्या नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, तेव्हापासून आई रोज सकाळी त्याचा शर्ट वर करून बघते कुठपर्यंत आलीय ते.

फॅमिली डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी गोळ्या चालू केल्या, दिवसातून पाच वेळा घ्यायच्या, त्याने फोड सुकले. पण दुखणं राहिलं म्हणून मी त्याला स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय बघितले, भुवया बघितल्या, तोंड उघडायला सांगून जीभ बघितली आणि हळूच म्हणाले की शुगर आणि एचआयव्ही दोन्ही करून घ्या. दादा तिथून उठलाच. जिना उतरताना मला म्हणाला "मी काय तसला माणूस आहे का?" आणि तेव्हापासून कोणाशी बोलत नाही. वहिनीला यातलं काही माहीत नाही.

मला एवढंच विचारायचंय की नुसत्या त्वचेवरून डॉक्टरांना असा संशय येऊ शकतो का, की उगाच घाबरवतात? दुसरं काही असू शकतं का? आणि मुलगी त्याच्या कुशीत झोपते, टॉवेल साबण सगळ्यांचा एकच, त्याचं काय करू?

स्किन_रेसिडेंट

ताई, मी मुंबईतच त्वचारोगाचं एमडी करतेय. फोटोवरून किंवा वर्णनावरून निदान होत नाही हे आधीच सांगते, पण तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय आणि नीट बघून सांगितलंय. जीभ बघितली म्हणजे ते बुरशीचा पांढरा थर शोधत होते, तो नसेल तर बरंच आहे.

नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि प्रतिकारशक्ती ढिली पडली की एका नसेच्या पट्ट्यात बाहेर येतो, म्हणून ती एकाच बाजूला पट्ट्यासारखी दिसते. साठीच्या माणसाला झाली तर आम्ही वय म्हणून सोडून देतो. पस्तिशीच्या आसपास झाली तर विचारावंच लागतं की शक्ती का कमी झाली. मधुमेह असू शकतो, महिनोन्महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या असू शकतात, एचआयव्ही असू शकतो, आणि पुष्कळदा काहीच सापडत नाही. नुसती नागीण असती तर मी इतकं लिहिलंही नसतं.

पण तुम्ही तीन गोष्टी एकत्र सांगितल्यात. हातापायांवर दोन्हीकडे सारख्या, खाजऱ्या, काळा डाग ठेवून जाणाऱ्या, महिनोन्महिने न जाणाऱ्या पुळ्या. एचआयव्हीमध्ये अशी एक ठरलेली पुरळ असते, बऱ्याचदा सीडी४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशी एचआयव्ही मारतो त्या, २०० च्या खाली गेल्यावर दिसणारी. ती मुळात डास-किड्यांच्या चाव्याला शरीराने दिलेली अति प्रतिक्रिया मानतात, म्हणजे "डास असतील" हा तुमचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता, फक्त तेच डास वहिनींना चावले तर तासाभरात गांधी बसते आणि दादाला तिथे महिनाभर टिकणारी गाठ येते. भुवयांतला आणि नाकाशेजारचा कोंडा तर ज्याला त्याला असतो, पण अचानक, एवढा, तोंडावर आला की आम्ही नोंद घेतो. ही पुरळ, हा कोंडा आणि नागीण, तिन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या एचआयव्हीच्या दुसऱ्या स्टेजच्या यादीत आहेत. तिन्ही एकाच माणसात एका वर्षात म्हटल्यावर टेस्ट न सांगणं ही डॉक्टरची चूक ठरली असती.

दुसरं काही असू शकतं का, तर हो. खरूज असू शकते, पण मग घरात अजून कोणी खाजवत असतं आणि बोटांच्या बेचक्यात, कमरेला, जांघेत जास्त असते. गोडाऊनमधल्या कशाची ॲलर्जी असू शकते. म्हणूनच टेस्ट करायची, अंदाजावर बसायचं नाही.

आणि ती मेडिकलवाल्याची ट्यूब आजपासून बंद. त्यात बहुतेक कडक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असतं. दोन दिवस खाज थांबते, कातडी पातळ होते, आणि खाली नायटा असेल तर तो दबून दबून पसरतो. रोज ओपीडीत याच ट्यूबांनी बिघडलेली त्वचा बघते मी, फार वाईट वाटतं.

नागिणीचं तोंड-शेपूट जुळण्याचं आईंना माझ्याकडून सांगा की ती नस शरीराच्या मध्यरेषेशी संपते, म्हणून नागीण सहसा एकाच बाजूला थांबते. प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर ती जास्त पसरू शकते, तेव्हा ते आजारपण गंभीर असतं, पण वेटोळं पूर्ण झालं म्हणून कोणी जात नाही. गेरू मात्र नको, उघड्या फोडावर माती लागली की पू होतो.

परळचा_समुपदेशक

मी ११ वर्षं आयसीटीसीत काम केलं, आयसीटीसी म्हणजे सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यात जिथे एचआयव्हीची तपासणी होते ते केंद्र. ताई, पहिल्यांदा हे ऐका: मुलीला कुशीत झोपू द्या. एकत्र जेवण, टॉवेल, साबण, भांडी, संडास, डास, खोकला, मिठी, कशानेही एचआयव्ही पसरत नाही. ब्लेड आणि टूथब्रश तेवढा प्रत्येकाचा वेगळा ठेवा, तो तसाही वेगळाच असावा.

आता टेस्टचं. केईएम, सायन, नायर, जेजे, कुठेही जा, पालिकेच्या कितीतरी प्रसूतिगृहांतही आहे. पैसे लागत नाहीत. आधी समुपदेशक बंद दाराआड बोलतो, मग रक्त घेतात, बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी रिपोर्ट. एका किटवर कोणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, वेगळ्या किटवर पुन्हा तपासतात. कुठे जायचं ते १०९७ वर विचारलं तरी सांगतात, टोल फ्री आहे, मराठीत बोलता येतं.

त्याच्या संमतीशिवाय मात्र टेस्ट होणार नाही, आणि रिपोर्ट तुमच्या हातात देणार नाहीत, त्याच्या देतील. २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्यात संमती, गुप्तता आणि नोकरीवरून काढण्याला बंदी हे सगळं आहे. दादाला हे सांगा, कारण त्याची अर्धी भीती नोकरीची आणि चाळीतल्या लोकांची असणार.

"मी काय तसला माणूस आहे का" हे वाक्य मी टेबलाच्या या बाजूला बसून हजारदा ऐकलंय. तसला माणूस कसला असतो ते मला एवढ्या वर्षांत दिसलं नाही. माझ्यासमोर शिक्षक बसलेत, गिरणी कामगारांची पोरं बसलीत, नऊवारीतल्या आज्या बसल्यात. तुम्ही त्याला कारण विचारू नका, कुठून, कसं, कोणाकडून, एकही शब्द नको. एवढंच म्हणा की दोन टेस्ट सांगितल्यात, शुगर आणि ही, दोन्ही एकाच दिवशी करून येऊ, मी बाहेर बाकड्यावर बसते. पुष्कळ पुरुष बहिणीबरोबर येतात ताई, बायकोबरोबर यायला धजत नाहीत.

सातारकर_भाऊ

ताई माझ्या मेव्हण्याला पण अशाच पुळ्या होत्या, आमच्याकडे एक वैद्य रक्तशुद्धीचा काढा देतात ४१ दिवसाचा, त्याने साफ गेल्या. टेस्टबिस्टच्या भानगडीत पडण्याआधी एकदा करून बघा, पत्ता देतो.

रात्री_नऊची_गोळी

सातारकर भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय, पण ४१ दिवस थांबायला सांगू नका, मी याच थांबण्यात एक वर्ष घालवलंय.

ताई, मी स्वतः पॉझिटिव्ह आहे, २००९ पासून. तेव्हा २९ चा होतो, ठाण्याला एका वर्कशॉपमध्ये. अगदी तुमच्या दादासारख्या पुळ्या, कोपरापासून मनगटापर्यंत आणि गुडघ्याखाली. तीन डॉक्टर झाले, चार वेळा खरजेचं औषध अंगभर लावलं, बायकोने दर वेळी गाद्या गोधड्या गच्चीवर उन्हात घातल्या, घरात कोणालाच खाज नाही फक्त मलाच, आणि तरी कोणाच्या डोक्यात आलं नाही. मग तोंड आलं. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर, खरवडला की निघायचा आणि खाली लाल, मी आपला बी कॉम्प्लेक्स खातोय. वजन ६४ वरून ५१. शेवटी तोंडाच्या त्या थरावरून एका पालिकेच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. सीडी४ आला ९४.

त्या काळात तीन औषधं असायची, त्यातलं नेव्हिरापिन पहिले १४ दिवस रोज एकदा आणि मग रोज दोनदा, कारण त्याने अंगावर पुरळ उठायची, ती जपून सुरू करायची पद्धत. मला दहाव्या दिवशी उठलीच. मला वाटलं झालं, औषधपण सोसत नाही आपल्याला. एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे गेलो, त्यांनी डोळे बघितले, तोंड बघितलं, ताप बघितला, म्हणाले सौम्य आहे, डोस वाढवायला थांबू, रोज येऊन दाखव. चार-पाच दिवसांत उतरली. झिडोव्हुडिनने नखं काळी निळी पडली होती, वर्कशॉपमध्ये सगळे विचारायचे, मी म्हणायचो ग्रीसने झालंय.

आणि पुळ्या? कुठलंही मलम न लावता गेल्या. चार-पाच महिने लागले, पण एकेक करून बसत गेल्या, नव्या यायच्या थांबल्या. डाग जायला दोन वर्षं. ज्या दिवशी परत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गाडीत उभा राहिलो तो दिवस मला अजून आठवतो, उन्हाळा होता, दारात उभा होतो आणि दंडावर वारा लागत होता.

आता रोज एकच गोळी, टीएलडी म्हणतात, सेंटरवर फुकट मिळते. वायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, कित्येक वर्षं टीएनडी येतोय, म्हणजे मशीनला विषाणू सापडतच नाही. असा लोड राहिला की संबंधातून जोडीदाराला होत नाही, हे डॉक्टर आता स्पष्ट सांगतात. बायको निगेटिव्ह आहे, मुलगा निगेटिव्ह आहे, यंदा बारावीला.

वाईट अनुभव पण सांगतो, लपवत नाही. मध्ये पाठीला गळू झालं होतं, एका खाजगी हॉस्पिटलात कापायला गेलो, ग्रीन बुक, म्हणजे सेंटरवरचं उपचाराचं पुस्तक, दाखवलं तर दोन तास बसवून म्हणाले आमच्याकडे सोय नाही. त्या कॉरिडॉरमध्ये मी रडलो. मग सरकारीत पंधरा मिनिटांत झालं. म्हणून दादाला म्हणावं पहिल्यापासून सरकारीतच जा, तिथे गर्दी आहे, पंखा चालत नाही, पण आपण पहिले नाही हे तिथे बसल्या बसल्या कळतं.

स्किन_रेसिडेंट

वरच्या दादांनी मलमाशिवाय पुळ्या गेल्या म्हटलं ते अगदी खरंय. या पुरळीवर खाजेच्या गोळ्या आणि मलमं थोडा आराम देतात, पण खरं औषध एआरटीच, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या. तोपर्यंत डास चावणार नाहीत एवढं बघा, पोटमाळ्यावर मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचं सुती कापड.

आधी राहिलेलं एक: नागिणीच्या फोडातल्या पाण्याने एचआयव्ही नाही पसरत, पण ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत आणि लसही नाही त्याला कांजिण्या होऊ शकतात. फोडांवर खपली धरली की तो धोका संपतो. तुमच्या भाचीचं लसीचं कार्ड बघून घ्या, आणि चाळीत कोणी गरोदर असेल तर खपली धरेपर्यंत लांब. नंतर जे दुखणं राहतं ते नसेचं असतं, साध्या पेनकिलरने जात नाही, त्याच्या वेगळ्या गोळ्या असतात, मागून घ्या, उगाच सोसू नका.

लालबागची_पोर

खूप दिवसांनी लिहितेय. दादाला विचारून लिहितेय, तो म्हणाला नाव नको टाकूस बाकी लिही.

समुपदेशक काकांनी सांगितलं तसंच केलं, काही विचारलं नाही. रविवारी मटण आणायला खाली गेलो तेव्हा रस्त्यात म्हटलं दोन्ही टेस्ट एकत्र करून येऊ, मी बाकड्यावर बसते. तो काही बोलला नाही, बुधवारी स्वतःच म्हणाला उद्या सुट्टी टाकलीय. शुगर नॉर्मल आली. दुसरी पॉझिटिव्ह. बाहेर येऊन माझ्या बाजूला बसला आणि पहिलं वाक्य "पिल्लूला झालं असेल का गं?" मला काही सुचेना, मी तशीच त्याला परत आत घेऊन गेले. तिथल्या मॅडमनी समजावलं की मुलाला होतं ते आईकडून, बापाकडून नाही, आई निगेटिव्ह असेल तर मुलीचा प्रश्नच नाही.

वहिनीला त्याने स्वतः सांगितलं, मॅडमच्या समोर. ती दोन दिवस माहेरी गेली, मग आली. तिची टेस्ट निगेटिव्ह आहे, तीन महिन्यांनी परत करायला सांगितलीय. माझ्याशी ती अजून नीट बोलत नाही, मला आधी माहीत होतं म्हणून. बरोबरच आहे तिचं.

दादाचा सीडी४ १६८ आला. टीबीची तपासणी केली, ती नाही निघाली, मग टीएलडी आणि सोबत दुसरे जंतुसंसर्ग होऊ नयेत म्हणून कोट्रायमोक्साझोल चालू केलं. आता पाचवा आठवडा. वजन दीड किलो वाढलंय, खाज जराशी कमी आहे. पण गेल्या आठवड्यापासून कपाळावर आणि छातीवर नव्याच पुळ्या उठल्यात, मुरुमांसारख्या, आणि तो म्हणतोय गोळीच बाधतेय, बंद करतो. ताप नाही. काय सांगू त्याला?

स्किन_रेसिडेंट

गोळी बंद नको, कुठल्याही परिस्थितीत स्वतःहून नको. उद्याच सेंटरवर दाखवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

पहिल्या काही महिन्यांत असं होतं. इतके दिवस प्रतिकारशक्ती झोपलेली होती म्हणून त्वचेतल्या जंतूंना कोणी विरोध करत नव्हतं, आता ती जागी झाली आणि लढायला लागली की जिथे लढाई तिथे सूज, लाली, पुळ्या. कोणाला केसांच्या मुळाशी पुळ्या येतात, कोणाला नागीण पुन्हा उठते. बहुतेक वेळा एआरटी चालू ठेवूनच ते आवरतं. पण कोट्रायमोक्साझोलची पुरळ पण असू शकते, म्हणून डोळ्यांनी बघणं गरजेचं आहे. पुळ्यांच्या मध्ये खळगा असेल, मोत्यासारख्या असतील, तर ते सेंटरवर मुद्दाम दाखवा.

तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सुटणं, ताप, किंवा पुळ्यांबरोबर सतत डोकेदुखी, यातलं एक जरी दिसलं तर रात्र असली तरी कॅज्युअल्टीत न्या.

आणि ॲसिडिटीची पांढरी औषधं, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या घेत असेल तर सेंटरवर सांगा, टीएलडीबरोबर एकाच वेळी घेतल्या तर तिचा परिणाम कमी होतो.

लालबागची_पोर

ॲसिडिटीचं औषध घेतो तो, रोज रात्री, गोळीबरोबरच! बरं झालं सांगितलंत. उद्या सकाळी जातोय आम्ही, वहिनी पण येतेय. तो विचारतोय गोळी किती वाजता घ्यायची, कारण यायचा टाइम रोज वेगळा होतो, कधी दहा कधी साडेअकरा.

रात्री_नऊची_गोळी

मी नऊ ठरवलेत कारण मी आठला घरी असतो. त्याचं गाडीवर अवलंबून असेल तर रात्रीचं सोडून द्या, सकाळी निघायच्या आधी ठेवा, चहाबरोबर. चहाच्या डब्याशेजारीच बाटली ठेवा. आणि दोन गोळ्या पाकिटात असू द्या, पावसात गाड्या बंद पडल्या आणि माणूस भिवंडीतच अडकला तर.